झिरो बरोबर होता, तरी साठ जॉब भंगारात

आज कोणाची मुलाखत नाही. आज मी माझीच एक चूक सांगणार आहे.

माझ्या मामाचं भोसरीत छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ग्राइंडर, मामा आणि दोन कामगार. मागच्या वर्षी त्याचा मायक्रोमीटर हातातून पडला. मी म्हटलं, "मामा, नवा कशाला घेतोस? ऑनलाइन वापरलेला मिळतोय, जपानी मेक, निम्म्या किमतीत." मामा म्हणाला, "तू इंजिनिअर, तूच बघ बाबा."

मी फोटो बघितले. चकाचक. झिरोची रेघ तंतोतंत जुळलेली. मागवला!

पुढची ऑर्डर होती २० मिलिमीटरच्या शाफ्टची, टॉलरन्स एच ७. म्हणजे साइज जास्तीत जास्त २०.०००, कमीत कमी १९.९७९. फक्त २१ मायक्रॉनची जागा. मामाने १९.९९ धरून साठ जॉब काढले. प्रत्यक्षात ते १९.९७ भरले. अख्खा लॉट परत. जॉब मोठा राहिला असता तर पुन्हा ग्राइंड करता आला असता. लहान झाला की भंगार.

मग चुकलं कुठे? मायक्रोमीटरच्या पोटात बारीक आट्यांचा स्क्रू असतो. थिंबलचा एक फेरा म्हणजे अर्धा मिलिमीटर. त्या फेऱ्याचे ५० भाग, म्हणून ०.०१ वाचता येतं. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं एकाच साइजचं काम केलं असेल, तर आटे तेवढ्याच पट्ट्यात जास्त झिजतात. झिरो छोट्या पान्याने दोन मिनिटांत सेट होतो. झीज सेट होत नाही. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगू? एकच टेस्ट केस पास झाली आणि मी कोड थेट प्रॉडक्शनला टाकला.

तर घेणार असाल, तर एवढं करा.

एक, झिरोच्या फोटोवर जाऊ नका. स्लिप गेजवर ५.१, १०.३, १५, २०.२ आणि २५ मोजतानाचा व्हिडिओ मागा. हे विचित्र आकडे का? फेरा अर्ध्या मिलिमीटरचा आहे, त्यामुळे ५, १०, १५ मोजलं तर थिंबल दरवेळी एकाच जागी थांबतं. बाकीचा फेरा तपासलाच जात नाही.

दोन, कॅलिब्रेशन सर्टिफिकेटवरचा सीरियल नंबर वस्तूवरच्या नंबराशी जुळवा आणि तारीख बघा. सर्टिफिकेट त्या दिवसापुरतं बोलतं. नंतर कुरिअरवाल्याने खोका आपटला, तर ते त्यात नसतं.

तीन, डिजिटल व्हर्नियरच्या स्क्रीनवर ०.०१ दिसतं, म्हणजे तेवढं अचूक असतंच असं नाही. चांगल्या मेकच्या १५० मिलिमीटरच्या व्हर्नियरलाही ०.०२ची सूट असते. शिवाय नामांकित मेकच्या हुबेहूब नकला बाजारात फिरतात.

चार, एनएबीएल मान्यताप्राप्त लॅबचा तपासणी खर्च आधीच किमतीत धरा. मग बघा, 'स्वस्त' किती स्वस्त राहतं ते.

मटेरियलचे पैसे मी भरून दिले. पण त्या पार्टीने मामाला पुढची ऑर्डर दिली नाही, ती मी कुठून आणू? मामा रागावला नाही. एवढंच म्हणाला, "अरे, आमच्याकडे माप चुकलं की माणूस खोटा ठरतो."

तो मायक्रोमीटर आता माझ्या टेबलावर असतो. झिरो अजून बरोबर दाखवतो!

भेटूया पुढच्या भागात.