पायली आणि किलो



वैजापूरच्या बाजारात पायली कोणास ठाऊक नाही? चार मापी शेरांची ही पायली धान्याचे आकारमान सांगते, वजन नव्हे. म्हणून पायलीभर बाजरी जितके किलो भरेल, तितकी पायलीभर करडई भरणार नाही.

वजनी शेराचे तसे नाही. तो ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा, किलोचा भाऊच. ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजने येऊ लागली, तेव्हा त्याचा हिशेब साध्या गुणाकाराने जुळला. पायलीचा जुळेना. एकक कायद्याने बदलते. मोजायच्या राशीचे स्वरूप बदलत नाही.

पायली शिगोशीग भरावी की सपाट, एवढ्यावरही शेतकऱ्याचे पसापसा धान्य जाते. तेव्हा भाव ऐकण्याआधी विचारावे : आपण मोजता काय, आकारमान की वजन?