हातापायांस येणाऱ्या मुंग्या

मांडी घालून बराच वेळ बसलें कीं पाय झोपी जातो, हा अनुभव लहानथोर सर्वांस आहे. "रक्त थांबलें" असें म्हणून आपण पाय झटकतों. वस्तुतः तेथें दबलेला असतो तो मज्जातंतु. दाब निघाला कीं तो जागा होऊं लागतो, आणि ती जाग म्हणजेच या मुंग्या. आंखडलेला स्नायुहि शेजारच्या तंतूस असाच दाबूं शकतो. मग दाब एकीकडे आणि मुंग्या भलतीकडे! गृहिणी बोटांना तेल चोळीत बसते, आणि दुखण्याचें मूळ मानेपाशीं तसेंच राहतें.

आमच्या गोवंडींत जरीकामाचे कारखाने आहेत. कारागीर बुटक्या चौकटीपुढें मांडी घालून, मान वांकवून तासन्‌तास टांका घालीत असतो. अशा बैठकीनें मानेच्या बाजूचे व छातीचे स्नायु आंखडले म्हणजे त्यांच्यामधून हाताकडे जाणाऱ्या तंतूंना जागा अपुरी पडते. मोबाइलवर मान घालून बसणाऱ्या आमच्या नातवंडांची स्थिति याहून फारशी निराळी नाहीं.

अशा वेळीं दाराच्या चौकटींत उभें राहावें. कोपर खांद्याइतके उंच धरून दोन्ही हात चौकटीस टेकावेत, एक पाऊल पुढें टाकावें, आणि छातीस ताण बसेल अशा बेतानें तीसएक सेकंद स्थिर राहावें. नंतर खुर्चीवर बसून उजव्या हातानें बैठकीची कड धरावी व मान हळूच डावीकडे झुकवावी; मग दुसरी बाजू. असें दिवसांतून दोनतीनदां. ताण सुखद वाटला पाहिजे. मुंग्या वाढल्या तर तत्काळ सोडावें, कारण दबलेल्या तंतूस ओढाताण सोसत नाहीं. जोर केला कीं गुण लवकर येतो ही समजूत आखाड्यांत ठेवून यावी.

नितंबांत खोलवर पिरिफॉर्मिस नांवाचा एक स्नायु असतो, आणि शरीरांतील सर्वांत जाड तंतु बहुधा त्याच्या खालून पायाकडे उतरतो. मागच्या खिशांतील फुगीर पाकिटावर बसणाऱ्यास येथें त्रास होऊं शकतो. (शिक्षकांस ही भीति कमीच!) पाकीट काढावें, दर अर्ध्या तासानें उठावें. उताणें निजून एका पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवावा व खालची मांडी दोन्ही हातांनीं छातीकडे ओढावी. शेकानेंहि स्नायु सैलावतो. पण बधिर कातडीवर गरम पाण्याची पिशवी ठेवूं नये, चटका कळत नाहीं.

मधुमेह्याच्या दोन्ही तळपायांस येणाऱ्या मुंग्या मात्र बहुधा स्नायूंच्या नसतात. तेथें ताणण्यांत महिने दवडूं नयेत, वैद्यकीय तपासणी करावी. हातांतून वस्तु गळूं लागली, पाऊल उचलेनासें झालें, तरीहि तसेंच. आणि एकाएकी एका अंगास बधिरता येऊन तोंड वांकडें झालें किंवा वाचा अडखळली, अथवा बैठकीची जागा बधिर होऊन लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच क्षणीं रुग्णालय गांठावें. रात्र असली तरी सकाळची वाट पाहूं नये.