न्हाणीघरांतील फळी



न्हाणीघरांतील फळी हा कांहीं मोठ्या विद्वत्तेचा विषय नव्हे. परंतु तिच्यावर जी साबणाची वडी, जी मंजनाची डबी आणि जी तेलाची बाटली ठेवलेली असते, ती तेथें कां आली, असें घरच्या मंडळींस विचारून पाहा. "आमच्याकडे नेहमीं हेंच आणतात," यापलीकडे उत्तर मिळणें कठीण. हें 'नेहमीं' कोठून उत्पन्न होतें, तें आज पाहावयाचें आहे. मीं पैठणच्या वाटेवरील बिडकीन गांवीं पुष्कळ वर्षें मास्तरकी केली. तेव्हां माझे कांहीं दाखले पुस्तकांतले, तर कांहीं गांवच्या आठवडी बाजारांतले असतील.

आपल्या आज्या-पणज्यांस साबणाची ओळख नव्हती. पण म्हणून त्या अस्वच्छ नव्हत्या. शिककाई, रिठा, डाळीचें पीठ, राखुंडी आणि बाभळीची काडी यांवर त्यांचें उत्तम भागत असे. १८८८ सालीं लिव्हर बंधूंच्या 'सनलाइट' साबणाच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरांत उतरल्या. १८९५ त 'लाइफबॉय' आला. साबण आला, पण त्याबरोबर एक शंकाहि आली. त्या काळीं साबणांत जनावरांची चरबी सर्रास घालीत, आणि सोंवळें-ओंवळें मानणाऱ्या घरास ती कशी चालावी? ही अडचण आर्देशीर गोदरेज यांनीं ओळखली. १९१८ सालीं त्यांनीं वनस्पतिजन्य तेलांचा 'चावी' नांवाचा साबण काढला. माल स्वदेशी आणि चरबीविरहित! एकाच वडीनें धर्माचेंहि समाधान झालें आणि देशाभिमानाचेंहि. पुढें त्यांच्या साबणास रवींद्रनाथ ठाकुरांसारख्यांची शिफारस मिळाली. म्हणजे गिऱ्हाईक केवळ मळ काढण्याचें साधन विकत घेत नसतें; आपण कोण आहोंत, याची खूणहि त्याबरोबर घरीं नेत असतें.

दुसरें कारण पाण्याचें. जाहिरातींत तें क्वचितच दिसतें, पण परटास विचारा, तो तत्काळ सांगेल. आमच्या मराठवाड्यांत काळ्या पाषाणांत खोदलेल्या विहिरींचें पाणी पुष्कळ ठिकाणीं जड असतें. त्यांत डाळ लवकर शिजत नाहीं आणि साबणास फेंस येत नाहीं. पाण्यांतील चुन्याचे क्षार साबणाशीं संयोग पावून त्याचा चिकट सांका करतात. अर्धी वडी त्यांतच खर्च होते. धुण्याच्या कृत्रिम भुकटीस ही बाधा पुष्कळ कमी होते. १९५९ सालीं 'सर्फ' आला. १९६९ सालीं अहमदाबादेस करसनभाई पटेल यांनीं घरच्या घरीं 'निरमा' बनवून सायकलवरून दारोदार विकण्यास आरंभ केला. तिची किंमत 'सर्फ'च्या मानानें फारच अल्प होती. ज्या बाईस जड पाण्यांत सहा माणसांचे कपडे धुवावयाचे, तिनें ती भुकटी घेतली यांत तिला कोणी जाहिरातीनें भुलविलें असें म्हणणें अन्यायाचें होईल. तिचा हिशेब चोख होता.

किंमतीची गोष्ट निघाली म्हणून पुडीविषयीं दोन शब्द सांगतों. तामिळनाडूंतील कडलूर येथें चिन्नी कृष्णन यांनीं शांपू इवल्याशा पुडींत भरून विकण्याची कल्पना रुजविली. त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनीं १९८३ सालीं आपला निराळा धंदा काढला आणि पुढें 'चिक' शांपूची पुडी आठ आण्यांस खेड्यापाड्यांत पोहोंचविली. शहरांतील सुशिक्षित मंडळी पुडी घेणाऱ्यास उधळ्या समजतात. पण रोजची मजुरी रोज हातीं येणाऱ्या घरास मोठ्या बाटलीइतके पैसे एकदम अडकवितां येत नाहींत. त्याला काटकसर समजत नाहीं असें नव्हे. काटकसर करण्यासहि गांठीं भांडवल लागतें.

आतां संवयीकडे वळूं. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान, उटणें आणि 'मोती' साबण, असा क्रम असंख्य मराठी घरांत ठरून गेला आहे. हा साबण टाटा ऑइल मिल्सचा. १९९३ सालीं ती कंपनी हिंदुस्थान लिव्हरमध्यें विलीन झाली. मालक बदलला, पण दिवाळीची वडी बदलली नाहीं. वर्षभर दुसराच साबण वापरणारें घरहि त्या दिवशीं ही वाटोळी, सुवासिक वडी आणतें, कारण त्या वासाबरोबर घरांतील गेलेलीं माणसें क्षणभर परत येतात. यांत कोणाचें कांहींच बिघडत नाहीं.

मात्र शेवटचें एक कारण असें आहे कीं, त्याच्याकडे डोळेझांक करूं नये. तें म्हणजे लाज. १९४१ सालीं 'लक्स'च्या जाहिरातींत लीला चिटणीस झळकल्या, तेव्हां तेथें सौंदर्याचें आमिष होतें. आमिषाहून भीति अधिक खपते, हें व्यापाऱ्यांस पुढें कळलें. १९७५ सालीं गोरेपणाचें मलम बाजारांत आलें; सांवळ्या मुलीस वर मिळत नाहीं, नोकरी मिळत नाहीं, असें त्याच्या जाहिराती वर्षानुवर्षें सुचवीत आल्या. २०२० सालीं त्याच्या नांवांतील गोरेपणाचा शब्द गाळण्यांत आला. समाजाच्या मनांतून तो गळला आहे काय? शाळेच्या छायाचित्राच्या वेळीं हुशार, चुणचुणीत मुली आपण होऊन मागच्या रांगेंत सरकतांना मीं पाहिल्या आहेत. त्यांस हें कोणत्या जाहिरातीनें एकटीनें शिकविलें नव्हतें. मामी, मावशी, शेजारीण यांनीं आधीं शिकविलें होतें. व्यापाऱ्यानें आयत्या जखमेवर मलम विकलें, इतकेंच.

तेव्हां करावें काय? वस्तु घेतांना वेष्टन वाचण्याची संवय लावावी. साबणाच्या वेष्टनावर 'टीएफएम' म्हणून एक आंकडा असतो. एकूण मेदद्रव्य शेंकडा किती, हें तो सांगतो. अंगाच्या साबणांत हें प्रमाण ७६ असल्यास पहिली प्रत, ७० असल्यास दुसरी, ६० असल्यास तिसरी. आणि नुसती 'बेदिंग बार' म्हणून विकली जाणारी वडी ४० वरहि चालते. नटीचें चित्र मोठें आणि हा आंकडा बारीक छापलेला असतो. मुलांस तो शोधावयास लावा. गणित आणि व्यवहार, दोन्ही एकदम होतील.

आणि दुसरें असें कीं, फळीवरची प्रत्येक वस्तु हातीं घेऊन स्वतःस विचारावें, ही गरजेनें आली, प्रेमानें आली, कीं लाजेनें आली? गरजेची असेल ती किंमत पाहून घ्यावी. प्रेमाची असेल ती खुशाल राहूं द्यावी. लाजेची असेल तिच्याविषयीं मात्र दुकानदाराशीं हुज्जत घालूं नये. आपल्याच घरांत कोण कोणास काय बोललें, तें आधीं शोधावें. तेथला एक शब्द मागें घेतला, तर महिन्याच्या वाणसामानाच्या यादींतील एक ओळ आपोआप कमी होईल, आणि घरांतील एखादी मुलगी छायाचित्रांत पुढच्या रांगेंत येऊन उभी राहील.