दगडी ज्वारीचं बी



उमरग्याहून हैदराबादकडे निघालं, की शहराच्या अलीकडे पाटणचेरू लागतं. तिथं १९७२ साली इक्रिसॅट ही संशोधन संस्था सुरू झाली. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग ही आपल्या धाराशिवच्या रानातली पिकंच तिच्या अभ्यासाची पिकं. तिथल्या जनुकपेढीत, म्हणजे बियांच्या साठ्यात, नुसत्या ज्वारीचे ४० हजारांच्या आसपास नमुने आहेत.

आपल्याकडे बियाण्याची कणसं वेगळी काढतात, चांगली उन्हं देतात, मग बी राख आणि कडुलिंबाचा पाला घालून गाडग्यात भरतात. पेढीतही पहिली लढाई ओलीशीच. बी १५ अंशांच्या कोरड्या खोलीत सावकाश सुकवतात. ओल सहा-सात टक्क्यांवर आली, की ॲल्युमिनियमच्या पाकिटात हवाबंद करून उणे २० अंशांत ठेवतात. हॅरिंग्टन या शास्त्रज्ञाचा ठोकताळा असा, की ओल एक टक्क्यानं उतरली की बियाचं आयुष्य दुप्पट होतं आणि तापमान पाच अंशांनी उतरलं की पुन्हा दुप्पट. ओलसर बी तसंच गोठवलं तर आत बर्फ धरून ते मरतं. आंबा-फणसाचं बी तर सुकवलं तरी मरतं, त्यांना ही वाट बंदच.

ठरावीक वर्षांनी थोडं बी उगवून बघतात. उगवण फार घटली तर पुन्हा पेरून ताजं बी धरतात.

सीरियातल्या युद्धात अलेप्पोजवळची अशीच एक पेढी हातची गेली, तेव्हा २०१५ साली नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर ठेवलेली तिचीच पाकिटं परत आणून लेबनॉन आणि मोरोक्कोत पेरली गेली. एवढा आधार या थंड खोल्यांचा आहे.

पण गोठलेलं बी ठेवलं त्या वर्षीचंच राहतं. नंतरची उन्हं, नंतरची कीड त्याला ठाऊक नसते. शिवाय पाकिटाबरोबर गावाचं नाव जातं, घरातली माहिती बहुधा जात नाही. भाकरी दुसऱ्या दिवशी मऊ राहते का, कडबा जनावर आवडीनं खातं का, हुरडा कुठल्या कणसाचा गोड, हे आपल्या आयाबहिणींना माहीत असतं आणि बहुतेक वेळा कुणी विचारतच नाही. मला ही उणीव फार मोठी वाटते.

तुमच्या रानात अजून दगडी किंवा गूळभेंडी ज्वारी असेल, तर या सुगीत वेगवेगळ्या ताटांची कणसं निवडा. सोबत चिठ्ठी लिहा: गाव, जमीन, पेरणीची वेळ, घरातल्या जाणत्या बाईनं सांगितलेले गुण. हे बी पेढीत ठेवण्याबद्दल तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. अकोल्यालाही राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोचं केंद्र आहे. मात्र सगळं बी देऊन टाकू नका. निम्मं घरी ठेवा आणि पुढच्या रब्बीला दोन तासं तरी त्याची पेरा.