चालत आलेला खेळाडू



अमेरिकेत ऑक्टोबर महिना लागला, की कॉलेजच्या बास्केटबॉलचे शौकीन एक हिशेब मांडून बसतात. आपल्या संघात यंदा शिष्यवृत्तीवाले किती, जागा उरल्या किती, आणि उरलेली जागा द्यायची कुणाला? आपल्याकडे पारावर निवडणुकीची गणिते मांडतात ना, तसाच हा प्रकार. या हिशेबात एक गडी नेहमी शेवटी मोजला जातो, पुष्कळदा मोजलाच जात नाही. आज त्याच्याविषयी चार शब्द सांगायचे आहेत.

हा खेळ तसा एका मास्तरांनीच काढलेला. डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ हे व्यायामशिक्षक होते. थंडीच्या दिवसांत मुलांना छपराखाली खेळता यावे म्हणून त्यांनी सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि तेरा नियम लिहून काढले. त्याच स्प्रिंगफील्डला शिकलेल्या एच. सी. बक यांनी १९२० साली मद्रासला शारीरिक शिक्षणाचे कॉलेज काढले. तेव्हा त्या गावाशी आपलेही थोडे नाते आहेच.

पुढे खेळ वाढला, पैसा आला. १९५६ पासून तिथल्या कॉलेजांच्या क्रीडा संघटनेने खेळातल्या गुणांवर शिष्यवृत्ती द्यायला मोकळीक दिली. फी, राहणे, जेवण, पुस्तके, सगळे त्यात आले. ही काही लहानसहान गोष्ट नव्हे बरे! आज काही खासगी विद्यापीठांत वर्षाचा एकूण खर्च ८०,००० डॉलरांच्या वर जातो. पहिल्या श्रेणीतल्या पुरुषांच्या संघाला कित्येक वर्षे अशा तेराच शिष्यवृत्त्या देता येत असत.

आणि चौदावा? तो 'वॉक-ऑन', म्हणजे आपल्या पायांनी चालत आलेला. त्याला कुणी आणायला गेलेले नसते. तो स्वतः येतो, चाचणी देतो किंवा प्रशिक्षकाच्या होकारावर संघात शिरतो, आणि फी मात्र घरची भरतो. सरावात त्याचे काम काय? पुढच्या सामन्यात ज्या संघाशी गाठ आहे, त्या संघाचे डावपेच त्याने उचलायचे आणि आपल्याच गड्यांपुढे खेळून दाखवायचे. रोज घाम गाळायचा, आणि सामन्याच्या दिवशी बहुधा बाकावर बसायचे. एखाद्या वर्षी शिष्यवृत्ती शिल्लक राहिली, तर प्रशिक्षक सगळ्यांसमोर ती त्याच्या नावे जाहीर करतात. मग सोबती त्याला उचलूनच घेतात!

हंगामाआधीच्या चर्चेत मात्र त्याचे नाव येत नाही. ही विद्यापीठे 'कॉन्फरन्स' नावाच्या गटांत वाटलेली असतात. पूर्वी शेजारपाजारची विद्यापीठे एका गटात असत. आता तेही राहिले नाही. पॅसिफिक किनाऱ्याजवळचे स्टॅनफर्ड २०२४ पासून अटलांटिक किनाऱ्याच्या नावाच्या गटात खेळते. शरद ऋतूत प्रत्येक गट वार्ताहरांना बोलावतो, प्रशिक्षक बोलतात, आणि पहिला कोण, शेवटचा कोण, याचे भाकीत मतांनी ठरते. पण भाकीत ते भाकीतच. २०२२ च्या हंगामापूर्वी वार्ताहरांनी नॉर्थ कॅरोलायनाला देशात पहिला नंबर दिला. त्या संघाला मार्च २०२३ च्या राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेशसुद्धा मिळाला नाही. १९८५ साली स्पर्धेत ६४ संघ घेऊ लागल्यापासून असे कधी झाले नव्हते.

संघाचे भाकीत असे चुकते, मग एका पोराचे कोण सांगणार? आर्कन्सॉ राज्यातल्या हॅम्बर्ग या लहानशा गावचा स्कॉटी पिपेन. बारा भावंडांत धाकटा. वडील कागदाच्या गिरणीत कामाला होते, पक्षाघाताने अंथरुणाला खिळले. १९८३ साली तो सेंट्रल आर्कन्सॉ विद्यापीठात गेला, तेव्हा त्याला खेळाची शिष्यवृत्ती नव्हती. संघाची पडेल ती व्यवस्था बघत त्याने सुरुवात केली. उंची तेव्हा सहा फूट एक इंच. तिथे तो वाढला, अंगाने आणि खेळानेही. सहा फूट आठ इंचांचा झाला. १९८७ साली धंदेवाईक संघाने त्याला घेतले, आणि शिकागोच्या संघाबरोबर त्याने सहा अजिंक्यपदे मिळवली.

आता नियम बदलला आहे. जून २०२५ मध्ये न्यायालयाने एका तडजोडीस मान्यता दिली. ज्या विद्यापीठांनी ती स्वीकारली, त्यांना खेळाडूंना थेट पैसे देता येतात. तेराची मर्यादा गेली. बास्केटबॉलच्या संघात पंधरा जण ठेवायचे, आणि पंधराही जणांना शिष्यवृत्ती देता येते. शौकिनांत यावर दोन तट आहेत. एक म्हणतो, बरे झाले. ज्यांच्या खेळावर पैसा मिळतो, त्यांना वाटा मिळाला, आणि दोन पोरांचे शिक्षण जास्त झाले. दुसरा म्हणतो, अहो, पूर्वी तेरांच्या मागे आणखी चार-पाच जण उभे राहू शकत. आता पंधरा झाले की दार बंद. चालत येणाऱ्याने उभे राहायचे कुठे?

मला दोघांचेही पटते. पोराच्या श्रमाला मोल मिळाले, ते योग्यच झाले. पण जागा मोजून-मापून भरायच्या, तर प्रशिक्षक आज तयार असलेलाच गडी घेणार. उद्या तयार होईल त्याची वाट पाहायला सवड कुणाला?

शिक्षक बंधू-भगिनींनो, तुमच्या शाळेच्या कबड्डीच्या किंवा खो-खोच्या संघातही असा एखादा असेल. यादीत नाव नाही, पण मैदान झाडायला सगळ्यांच्या आधी येतो. त्याला सरावात घ्या. स्प्रिंगफील्डला, जिथे त्या दोन टोपल्या टांगल्या, तिथे आज बास्केटबॉलच्या थोरांचे स्मृतिमंदिर आहे. २०१० साली त्यात पिपेनचे नाव लागले. पहिल्या दिवशी ते शिष्यवृत्तीच्या यादीत नव्हते.