पावसाळा, पोट आणि मजुरी



आम्ही वैद्य नव्हे. संघटनेचे काम करता करता वाचू लागलेली माणसे. पण पोटाचा प्रश्न आम्हांला परका नाही.

वाग्भटांनी ‘अष्टांगहृदया’त सांगितले, की पावसाळ्यात जठराग्नी मंदावतो, जुने धान्य खावे, पाणी उकळून प्यावे. चिनी वैद्यकही उन्हाळ्याच्या अखेरच्या दमट काळाचा संबंध प्लीहेशी व पचनाशी जोडते. देश दूरचे, निरीक्षण जवळचे!

आता ब्राह्मणपुरीसारख्या गावात या. आषाढात निंदणीला जाणाऱ्या बाईच्या घरी जुने धान्य कोठले? कणगीचा तळ दिसतो तो याच दिवसांत, पाणी गढूळते तेही याच दिवसांत. तेव्हा हगवणीचा दोष एकट्या अग्नीवर कसा टाकावा? दूषित पाण्यातले जंतूही तिला कारण असतात.

हगवणीने शरीरातले पाणी आटते आणि माणूस दगावतो. १९७१ साली बोनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व सोडा घातलेले पाणी पाजून पटकीचे असंख्य रोगी वाचविले. उपाय स्वस्त होता. पण त्यालाही स्वच्छ पाणी हवेच.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच : पथ्य सांगणाऱ्याने मजुरीही विचारावी. पाणी उकळायला सरपण लागते, सरपणाला पैसा. ऋतू आपल्या हाती नाही. स्वच्छ पाणी आणि पुरेशी मजुरी मात्र आहे.