कलेचा तास कुठे गेला?

आज बोलायचंय ते शाळेतल्या एका अशा तासाबद्दल, जो वेळापत्रकात असतो पण वर्गात नसतो. चित्रकलेचा तास, संगीताचा तास. परीक्षा जवळ आली की पहिली कुऱ्हाड यांच्यावर. गणिताच्या बाई येतात, “आजचा तास मी घेते” म्हणतात आणि मुलं रंगपेटी दप्तरात कोंबतात.

बरं, जिथे हा तास होतो तिथे तरी काय होतं? घरातल्या कुठल्याही मुलाला निसर्गचित्र काढायला सांगा. दोन त्रिकोणी डोंगर, मधून डोकावणारा सूर्य, खाली नदी, काठावर कौलारू घर, एक नारळाचं झाड. जोधपूरचं मूल हेच काढतं, इंदूरचंही हेच. वाळवंटात राहणाऱ्या मुलाने नारळाचं झाड कुठे पाहिलं? पाहिलं नाही, फळ्यावरून उतरवून घेतलं. कला शिकणं म्हणजे आधी बघायला शिकणं, आणि आपण मुलांना न बघता काढायला शिकवतो. माझी खरी तक्रार ही आहे. तास बुडण्यापेक्षाही ही मोठी.

हे आपल्याकडे कुणाला कळलं नव्हतं असं नाही. ताराबाई मोडक मुंबईच्या. त्या भावनगरला गेल्या, गिजुभाई बधेकांबरोबर काम केलं, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. बालवाडीत गाणं, नाच, चित्रं हा त्यांच्या दृष्टीने फावल्या वेळचा उद्योग नव्हता, तेच शिक्षण होतं. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्याकडे शिकलेले देवी प्रसाद १९४४ मध्ये सेवाग्रामला आले आणि नई तालीमच्या मुलांना चित्रकला शिकवू लागले. म्हणजे मराठी बाई गुजरातेत जाऊन शिकतात, बंगालात घडलेला कलाशिक्षक वर्ध्याजवळ येऊन शिकवतो! या देशात शिक्षणाचे विचार असे फिरले आहेत.

कागदावर आजही सगळं ठीक आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कला हा शाळेच्या प्रत्येक टप्प्यावर विषय असावा असं सांगितलं. २०२० च्या धोरणाने कला आणि विज्ञान यांच्यातली भिंत काढा म्हटलं. सीबीएसईच्या शाळांत तर कला-समावेशक प्रकल्प करावाच लागतो, आणि ‘एक भारत श्रेष्ठ भारत’मध्ये महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी आहे. कल्पना झकास! प्रत्यक्षात बऱ्याच घरी काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. रात्री दहा वाजता आई कार्डशीट शोधते, बाबा इंटरनेटवरून पट्टचित्राची प्रिंट काढतात, मूल झोपलेलं असतं.

तोच प्रकल्प वर्गात खरा करून बघा. पट्टचित्राचा कपडा कसा तयार होतो? चिंचोक्याची खळ आणि खडूची भुकटी लावून तो घोटतात. पांढरा रंग शंखाचा, काळा काजळीचा. आता वारली घ्या. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, बांबूची चघळून मऊ केलेली काडी. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन एवढ्यावर अख्खं गाव उभं राहतं. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस! सहावीच्या भूमितीला याहून चांगलं काय हवं? चिकटतं कशाने, रंग येतो कुठून, हे विज्ञान. लग्नाचा चौक कोण लिहितं, असं विचारलं तर सुवासिनी लिहितात, मग जिव्या सोमा मशे या पुरुषाने ही कला कागदावर नेऊन पद्मश्री कशी मिळवली, हा समाजशास्त्राचा तास. खर्च? वाटीभर पीठ.

“पण सर, मार्क?” हा प्रश्न येणारच. महाराष्ट्रात इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेचे वाढीव गुण दहावीला मिळतात, म्हणून त्या वर्गांना गर्दी असते. मला त्यात गैर वाटत नाही. पण गुणांसाठी आलेलं मूल दहावीनंतर ब्रश उचलतं का, तेही बघा.

पुढच्या पालकसभेला जाल तेव्हा टक्केवारीच्या आधी वर्गाची भिंत बघा. चाळीस चित्रं लावलेली असतील आणि चाळीसही सारखी असतील, तर बाईंना शांतपणे, न भांडता विचारा: मुलांना खिडकीबाहेरचं काही काढायला कधी सांगता? आणि कलाशिक्षकाचं पद भरलंय का, हे मुख्याध्यापकांना विचारा. उत्तर लेखी मागा.